‘राह्यलं’ म्हणजे चालू आहे

मुकुटबन
११ नोव्हेंबर २०२४

रजतभाऊ,

तुम्हाला फोन करून पाहिले. उचलले नाहीत म्हणून तक्रार नाही, अनोळखी नंबर कोणीच उचलत नाही. मी अन्सार. तुमच्या आईच्या दवाखान्यात जीप चालवतो, जनरेटर सांभाळतो. बाजूलाच माझं पंपांच्या मोटारी वाइंडिंग करायचं दुकान आहे. दर संक्रांतीला बाई तुम्हाला तुरीच्या डाळीचं पार्सल पाठवतात, ते पोस्टात मीच टाकतो. ते कधी परत आलं नाही, म्हणून पत्ता बरोबर असावा असं धरून लिहितो.

बाईंना स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. डोळे पिवळे झाले तेव्हा त्यांनी सोनोग्राफीचा पडदा स्वतःकडे वळवून घेतला, पाहिला आणि मला म्हणाल्या, “अन्सार, जीप नको काढू.”

मी म्हटलं, “बाई, नागपूरले जाऊ.”

“तिथं काय करतीन ते मले मालूम हाये. पोट उघडतीन, पाह्यतीन न बंद करतीन. मी पन तेच केलं असतं.”

मी हे पत्र लिहितो आहे ते त्यांना माहीत नाही. त्यांनी तुमचं नाव काढलं नाही. पण परवा अंगाला फार खाज सुटली (काविळीत सुटते) आणि त्यांच्या सोबतीला असणारी रुपीबाई त्यांची नखं कापायला बसली. बाईंची नखं आयुष्यभर कापलेलीच असायची. रुपीबाईनं बोट धरलं तर बाई म्हणाल्या, “रजत लहानपनी नखं कापू देत नव्हता, मूठ घट्ट मिटे.” एवढंच. मग भिंतीकडे तोंड केलं.

तुम्हाला आईविषयी किती माहीत आहे ते मला कळत नाही, म्हणून थोडं सांगतो. पुण्यात सर्जन झाल्यावर लोक त्यांना म्हणाले, बाईमाणसानं बाळंतपणं करावीत, पोट फाडायचं काम पुरुषाचं. त्या इथं आल्या आणि जिनिंगच्या रिकाम्या गोदामात ऑपरेशनचं टेबल लावलं. या सगळ्या कापसाच्या पट्ट्यात, मारेगावपासून इकडे, तेव्हा सर्जन नव्हता. बाई सर्जन तर लोकांनी ऐकलीही नव्हती. पहिल्या पेशंटचा बाप विचारत होता, “डॉक्टर कवा येनार?” बाई हात धुऊन समोर उभ्या होत्या.

जिनिंगचे हमाल कापसाच्या गाठी उचलून उचलून अंतर्गळीनं, म्हणजे हर्नियानं, वाकलेले असायचे. आत बसवायची कंपनीची जाळी कोणाला परवडणार? बाईंनी मच्छरदाणीचं कापड आणलं, त्यावर पुष्कळ वाचलं, ते वाफेत शुद्ध केलं आणि तेच आत शिवलं. नागपूरच्या डॉक्टरांच्या सभेत हे सांगितलं तर एकजण उठून म्हणाला, “मॅडम, पेशंटला आता डास चावत नसतील.” सगळे हसले. बाई सांगतात, मीही हसले, मग उरलेले फोटो दाखवले. पुढे त्याच सभेतले दोघंजण शिकायला इथं येऊन गेले.

रुपीबाईचं तर पोटच रक्तानं भरलं होतं. गर्भ नळीत वाढून नळी फुटली होती. रक्ताची बाटली आणायची तर यवतमाळ, आणि तेवढा वेळ नव्हता. बाईंनी तिच्या पोटातलंच रक्त गाळून तिच्याच शिरेत परत सोडलं. म्हणून रुपीबाई बढाई मारते, “माहं रगत मीच मले देल्लं. कोनाचं उपकार नाई.” आणि दिवसभर बाईंच्या उशाशी बसून असते.

अशी माणसं फार आहेत. पण बाई शेवटी ज्याची वाट पाहतात तो यांच्यातला कोणी नाही.

त्या एका वर्षासाठी आल्या होत्या. का राहिल्या ते मला माहीत आहे, पण ते सांगायचं काम माझं नाही. तुम्ही या. त्यांना ओळख पटते आहे तोवर या.

तुमचा
अन्सार

•

मुकुटबन
२३ नोव्हेंबर २०२४

रजतभाऊ,

काल तुम्ही फोन केलात. मी नीट उत्तर देऊ शकलो नाही, म्हणून लिहितो.

तुम्ही म्हणालात, “तुमच्या गावानं माझी आई खाल्ली. आता उरलेली घेऊन जा म्हणता?”

खरंच आहे.

मग तुम्ही दिवाळीचं सांगितलंत. तुम्ही नऊ वर्षांचे होता, आणि बाईंनी पांढरकवड्याच्या एसटीडी बूथवरून फोन केला होता. त्या स्वतः म्हणाल्या, या दिवाळीला मी येऊन राहिले. तुम्ही शाळेत सगळ्यांना सांगितलं. आजीच्या मागे लागून कपाटातला एक खण त्यांच्या साड्यांसाठी रिकामा करून घेतला. भाऊबीज झाली आणि त्या बॅग घेऊन निघाल्या. तुम्ही विचारलंत, तू तर राहणार होतीस ना? त्या म्हणाल्या, असं मी कधी म्हटलं?

“त्या दिवसापासून मी तिचा एकही शब्द खरा धरला नाही,” असं तुम्ही म्हणालात आणि फोन ठेवलात.

रजतभाऊ, मी दुकानातच बसून होतो. गिऱ्हाईक येऊन गेलं. असरची, दुपारनंतरची, नमाज वाचली, पण दुवा मागताना मनात तेच वाक्य येत होतं. येऊन राहिले.

आमच्या वऱ्हाडी बोलीत ‘येऊन राह्यली’ म्हणजे ‘येते आहे’. निघाले, वाटेवर आहे, एवढंच. ‘जेवून राह्यलो’ म्हणजे जेवतो आहे. त्यात मुक्काम नाही. तोवर बाईंना इथं येऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि ही बोली त्यांच्या जिभेवर बसली होती. त्या म्हणाल्या असतील, ‘या दिवाळीले मी येऊन राह्यली.’ तुम्ही पुण्याच्या कानानं ऐकलंत, आई येऊन राहणार. त्या खोटं बोलल्या नाहीत, आणि तुम्हीही चुकीचं ऐकलं नाही.

आता जे सांगायचं नव्हतं ते सांगावं लागेल. नाहीतर हा शब्द त्यांच्या जिभेवर कसा बसला ते तुम्हाला कळणार नाही.

मला एक धाकटी बहीण होती, गझाला. बाई आल्या त्या वर्षी तिच्या पोटात दुखू लागलं. अब्बा तिला सायकलवर बसवून दवाखान्यात घेऊन गेले. अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. बाईंनी पोट दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, “अपेंडिक्स असू शकेल, पण आत्ताच सांगता येत नाही. दुपारनंतर मला येऊन सांगा, दुखणं थांबलं की चालू आहे. चालू असेल तर आजच ऑपरेशन करू.”

दुपारनंतर अब्बा गेले. बाईंसमोर गर्दी होती. अब्बा दारातूनच म्हणाले, “बाई, पोट दुखून राह्यलं पोरीचं.”

बाईंचा चेहरा खुलला. “राहिलं ना? छान. मग काळजी नाही. झोपू द्या तिला.”

अब्बा घरी आले. आमच्या घरात हिंदी बोलतात. अम्मीनं विचारलं, “क्या बोली डॉक्टरनी?”

“बोली अच्छा है, सोने दो.”

“दर्द हो रा तो अच्छा कैसा?”

“वो पढ़ी-लिखी है, हुस्ना. तू है क्या?”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी तिचं पोट उघडलं. आत सगळं फुटून पसरलं होतं. गझाला त्यानंतर फार जगली नाही.

दफन झाल्यावर बाई आमच्या घरी आल्या. चपला हातात घेऊन उंबऱ्यापाशी जमिनीवर बसल्या. अब्बांना म्हणाल्या, “तुम्ही तर सांगितलंत, दुखणं राहिलं.”

अब्बा म्हणाले, “हो बाई. राह्यलंच होतं. म्हून त आलो सांगाले.”

आधी अम्मीला उमगलं. तिनं विचारलं, “बाई, तुमच्याकडं ‘राह्यलं’ म्हंजे काय होते?”

“थांबलं,” बाई म्हणाल्या. आणि मग त्यांनाही कळलं. मी दाराच्या आत उभा होतो.

त्या म्हणाल्या, “मी उद्या पुण्याला परत जाते. मला इथं हात लावायचा अधिकार नाही.”

आमची अम्मी अडाणी होती. तीन दिवस तिनं पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. ती म्हणाली, “आता कायले जाता? तुमाले आमचा एक शब्द आला. लय महाग आला. तुमी गेल्या त दुसरा डॉक्टर येईन. त्याले पुन्हा शिकवाले कोनाची पोरगी देऊ?”

बाई गेल्या नाहीत. एक वर्ष सरलं आणि त्यांनी पुण्याला कळवलं की येत नाही. का, ते त्यांनी तुमच्या घरी सांगितलं नाही. ‘माझ्या हातून पोर गेलं’ हे कोणत्या तोंडानं सांगणार? रोज दवाखाना आटोपल्यावर त्या अम्मीसमोर बसून बोली शिकत. अम्मी चुलीपाशी भाकरी थापत चुका काढायची. अब्बांनी सायकलच्या रंगानं एक पाटी लिहिली, ती तपासणीच्या खोलीत अजून आहे: ‘राह्यलं’ म्हणजे चालू आहे. नवे डॉक्टर ती वाचून हसतात, मोबाइलवर फोटो काढतात. बाई त्यांना कारण सांगत नाहीत. फक्त म्हणतात, हे पाठ करा, मगच पेशंटला हात लावा.

तुमची आई आमच्या अम्मीनं ठेवून घेतली, रजतभाऊ. तुम्ही गावाला म्हणालात ते खरं तर आमच्या घराला लागतं.

अन्सार

•

मुकुटबन
९ डिसेंबर २०२४

रजतभाऊ,

तुमच्याकडून काही आलं नाही. मी बाईंना सांगून टाकलं. तुमचा फोन, दिवाळी, सगळं. न सांगता त्यांच्यासमोर बसवत नव्हतं.

त्यांनी ते वाक्य मला पुन्हा म्हणायला लावलं. मग स्वतःच म्हणाल्या, “या दिवाळीले मी येऊन राह्यली. हो. असंच म्हटलं असन मी.”

रुपीबाई उगाच चादर सारखी करत होती.

“अन्सार, थो खण मी पाह्यला होता. मधल्या कपाटातला. रिकामा होता. मले वाटलं सासूबाईनं काही काढलं असन. माही बॅग चारही दिवस खाटेखालीच होती. सांगितलं असतं कोनी, त एक साडी तरी ठेवली असती.”

मी म्हटलं, “बाई, लेकराले काय मालूम?”

“लेकराले नाई. मले मालूम पाह्यजे होतं. रोज पन्नास लोकाइले विचारते मी, राह्यलं म्हंजे थांबलं का चालू हाये. दवाखान्यात पाटी लावली. घरी लावाची राह्यली.” मग त्यांना हसू आलं. “पाह्य, त्याचा अजून एक मतलब.”

हसताना पोटात कळ आली. आता पोटात पाणी साचतं आहे, पाय सुजले आहेत.

मी विचारलं, फोन लावून देऊ का? म्हणाल्या, “नको. फोननंच झालं हे सारं.” पण दुपारी मी औषध घेऊन आत गेलो तर त्या एकट्याच पुटपुटत होत्या. “मी येते आहे. मी येत आहे. मी येणार आहे.” पुण्याची बोली घोकत होत्या.

मी मोठा दीनदार माणूस नाही, पण नमाज चुकवत नाही. जे मागायचं ते मागून झालं आहे. आता तुमच्याकडेच मागतो. हे पत्र स्पीड पोस्टानं पाठवतो. मिळालं की निघा. उत्तर लिहू नका.

अन्सार

•

मुकुटबन
१८ जानेवारी २०२५

रजतभाऊ,

संक्रांत होऊन गेली. यंदा पार्सल टाकू की नको असा विचार करत होतो. रुपीबाई म्हणाली, “काहून नाई टाकत? डाळ काय बाईच्याच हातची होती? तूर त माह्या वावरातली हाये.” म्हणून टाकतो आहे. डाळीवर हे पत्र ठेवलं आहे.

तुम्ही आलात तेव्हा घरात माणसं मावत नव्हती, आणि तुम्हाला काही सांगण्याची ती वेळ नव्हती. तुम्ही पोचण्यापूर्वीचं तुम्हाला माहीत नाही. ते सांगायचं राहून गेलं.

त्या दिवशी दुपारी माझ्या मोबाइलवर तुमचा मेसेज आला. तुम्ही नागपूरला विमानातून उतरून गाडीनं निघाला होता. मेसेज इंग्रजी अक्षरांत होता आणि तीनच शब्द होते: मी येऊन राहिलो. इंग्रजी अक्षरांत ‘राहिलो’ आहे की ‘राह्यलो’ ते कळेना.

बाई सकाळपासून बोलल्या नव्हत्या. मी कानाशी वाकून वाचून दाखवलं. त्यांनी डोळे उघडले.

“कोनत्या बोलीत?”

मला आधी समजलंच नाही.

“त्याच्या का आपल्या?”

मला वाटतं, तुम्ही आमच्याच बोलीत लिहिलं होतं. माझं पत्र वाचून, आईला बरं वाटावं म्हणून, आईच्या शब्दात. निघालो, वाटेवर आहे. माणूस मोटारीत बसून तेच लिहितो. हे मला त्या घटकेलाही कळत होतं.

मी म्हटलं, “त्यांच्या बोलीत, बाई.”

“म्हंजे राहाले?”

“हो. राहाले.”

त्यांनी हात हलवला, कपाटाकडे. “वरचा खण खाली कर. कपडे ठेवाले लागन त्याले.”

मी त्यांच्यासमोरच खण रिकामा केला. त्यात त्यांच्या ऑपरेशनच्या टोप्या होत्या, धुवून धुवून विरलेल्या, आणि अम्मीनं शिवलेली एक गोधडी. ते सगळं खाली ठेवलं. खण कोरड्या कपड्यानं पुसला. त्या पाहत होत्या. रुपीबाई म्हणाली, “झाला साफ, बाई.” त्यांनी मान हलवल्यासारखं केलं. त्यानंतर रुपीबाई हात धरून बसली होती. मी असरला उभा राहिलो. सलाम फेरून नमाज संपवली तेव्हा रुपीबाईनं हात सोडला होता.

तुम्ही तेव्हा केळापूर ओलांडून इकडच्या रस्त्याला लागला असाल. मी तुम्हाला फोन केला नाही. तेवढा रस्ता संपेपर्यंत तरी तुमची आई असावी असं वाटलं.

पुढचं तुम्ही पाहिलंच आहे. नाल्याकाठी किती माणसं होती ते पाहिलं. मच्छरदाणीची जाळी पोटात घेऊन फिरणारे म्हातारे हमाल लाकडं देण्यासाठी भांडत होते. त्याच संध्याकाळी अग्नी तुम्ही दिलात. दुसऱ्या दिवशी तपासणीच्या खोलीत त्या पाटीसमोर तुम्ही उभे होता, आणि कोणाला तरी बोट लावावं तसं अब्बांच्या अक्षरांना बोट लावलंत. मी मागे होतो. तुम्ही मला विचारलं, “हे ‘र’ इतकं वाकडं का?” मी सांगितलं, सायकलचा ब्रश जाड असतो.

त्याच दिवशी आईच्या खोलीत झोपून उठल्यावर तुम्ही विचारलंत, “अन्सारभाई, हा वरचा खण रिकामा का आहे? सगळं तर भरलेलं आहे.” मी म्हटलं, माहीत नाही. खोटं बोललो. खरं तर आदल्या दिवशी बाईंशीही खोटं बोललो होतो. दोन दिवसांत दोनदा, आणि दोन्ही वेळा एकाच खणासाठी.

तिसऱ्या दिवशी तुम्ही बॅग घेऊन निघालात. तोवर ती खाटेखालीच होती. जीपमध्ये बसताना तुम्ही “येतो” म्हणालात. हा शब्द तेवढा दोन्हीकडे सारखा आहे. निरोपालाही चालतो, आणि खरोखर येण्यालाही.

मरणाऱ्या माणसाच्या कानात खोटं सांगितलं याचा हिशेब माझा आणि अल्लाचा. तुमच्यावर त्याचं ओझं नाही. त्या तुमचा शब्द खरा मानून गेल्या, तेवढं तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिलं. तुम्हाला नोकरी आहे, घर आहे. कोणी येऊन राहावं असं मुकुटबनमध्ये काही नाही, ते आम्हालाही कळतं.

दवाखाना चालू आहे. नागपूरची एक मुलगी येऊ लागली आहे, नुकतीच सर्जन झालेली. काल तिनं पाटी वाचली आणि हसली. मी दुकानातून उठून गेलो आणि तिला गझालाची गोष्ट सांगितली. बाईंनी ती कधी कोणाला सांगितली नव्हती. मला वाटतं आता सांगायला हरकत नाही. मग तिनं वही काढून आमचे आणखी शब्द विचारले. रुपीबाई तिला शिकवते आहे. निम्मे शिव्याच आहेत.

कधी यावंसं वाटलं तर या. दिवाळीलाच असं नाही. दोन दिवसांसाठी आलात तरी चालेल. फक्त निघताना कळवाल तेव्हा कोणत्या बोलीत कळवता तेही सांगा, म्हणजे नुसता स्वयंपाक करायला सांगायचा की खोलीही झाडून ठेवायची ते मला समजेल.

टोप्या आणि गोधडी मी माझ्या घरी नेली आहे. त्या खणात काही ठेवलेलं नाही.

तुमचा
अन्सार